होकार केव्हाही

वेदनेत असलेल्या माणसाचा निर्णय कायदा मानत नसे, म्हणून वासंतीबाईंच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय त्यांच्या नवऱ्याने, त्र्यंबकरावांनी, घ्यायचा होता. त्याआधी बायकोचं दुखणं यंत्राने त्यांच्या कमरेत उतरवायचं, हाही कायदाच होता. नकार द्यायचा तर दहा मिनिटं सोसावं लागे. होकाराची सही मात्र केव्हाही करता येई, आणि ती झाली की यंत्र बंद.

"शस्त्रक्रियेत बारातल्या एकाचे पाय लुळे पडतात," त्र्यंबकरावांच्या कमरेला यंत्राचा पट्टा बांधताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "व्यायामाने दुखणं निम्म्यावर येईल, पण वर्ष लागेल."

"अहो, नाहीच म्हणा हं," वासंतीबाई म्हणाल्या. "आता कुठे वाकून चप्पल घालायला लागलेय मी."

"अगं, मी पेनसुद्धा आणलेलं नाही!" त्र्यंबकराव हसले.

यंत्र सुरू झालं. कमरेतून टाचेपर्यंत तापलेली सळई शिरल्यासारखं झालं. तिसऱ्याच मिनिटाला ते ओरडले, "पेन द्या!"

"अहो, कुशीवर वळा. श्वास सोडा. ओसरतं ते," वासंतीबाई त्यांचा हात धरून सांगत होत्या. नऊ वर्षांच्या दुखण्यात त्यांना एवढं कळलं होतं. त्र्यंबकरावांनी हात सोडवून घेतला आणि सही केली.

आता वासंतीबाईंची कंबर दुखत नाही. रोज संध्याकाळी त्र्यंबकराव खाली बसून त्यांच्या निर्जीव पायांत चप्पल सरकवतात आणि चाकांची खुर्ची बाहेर काढतात.

एकदा त्र्यंबकरावांच्या डोक्यावर हात ठेवून वासंतीबाईंनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला फार दुखलं का हो?"