एकच हात

"माझ्या पोराच्या कविता वाचून राहिले तुम्ही, साहेब. त्याले शोधून नाही राहिले."

शालिकराम पराते हे बोलला तेव्हा त्याचा आवाज चढला नाही. चार महिन्यांतली ही अकरावी खेप. आवाज चढवायचा तो पहिल्या तीन खेपांतच चढवून झाला होता. ऑफिसचं नाव घेऊन काय करता? परदेशात अडकलेल्यांना शोधायचा पगार तिथं मिळतो, एवढं कळलं तरी पुरे.

"काका, बसा आधी," साहेब म्हणाले. "ताई, तुम्हीपण."

सून भारती धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचं काम अर्धवट टाकून सासऱ्यासोबत सक्करदऱ्याहून आली होती. ती बसली. कोणी बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची. चार महिन्यांपासून तिचं असंच चाललं होतं.

रविंद्र तिचा नवरा, शालिकरामचा एकुलता एक. हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होता. तिथून दुबईला गेला आणि पाच वर्षांत स्वतःची कंपनी काढली. जिथं लढाई पेटलेली, तिथल्या दवाखान्यांचे जनरेटर दुरुस्त करायचे, हा त्याचा धंदा. येमेन झालं, इराक झालं, आता सुदान. आणि दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, फेसबुकवर त्याची एक कविता यायची. लढाईतली. हजारो लोक वाचायचे. धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये त्याचा सत्कारही झाला, तो हजर नसताना. शाल शालिकरामनं खांद्यावर घेतली.

शेजारचा रुपराव चिडवायचा, "लग्नानं माणूस बिघडते गा शालिकराम. तुझा तं लग्न झाल्यावर कवी झाला!" शालिकरामलाही नवल वाटायचं. फोनवर रविंद्र चार शब्दांचा माणूस. डिझेलचा वास हाय, धूळ हाय, बाकी बरं. की ठेवला फोन.

चार महिन्यांपूर्वी तो फोन बंद झाला. कविता मात्र बंद झाली नाही.

"माझी अडचण समजून घ्या," साहेब म्हणाले. "बेपत्ता म्हणून नोंद केली तरच शोध सुरू होतो. आणि ज्याचा एक शुक्रवार चुकत नाही, त्याला मी बेपत्ता कसा लिहू? नेटवर्क नसेल. कामात असतील. मीही वाचतो हो त्यांच्या कविता. छान लिहितात."

"कोणंतरी बसवून ठेवलं हाय त्याले," शालिकराम म्हणाला. "लिहू देते, बोलू नाही देत. पोरगा जिता हाय, एवढं मलेबी समजते. शुक्रवारी कविता येतपर्यंत मी तोंडात घास नाही घेत. पण जिता हाय तं आणा ना त्याले."

दाराशी उभा असलेला शिपाई धोंडबा मध्येच बोलला, "अजी बाबा, जिता हाय हे काय कमी हाय? इथं लोकं हाडं मागाले येतात."

साहेबांनी नुसतं पाहिलं, तसा तो चहा आणायला निघून गेला.

साहेबांनी फाईल उघडली. "त्यांच्या नावानं दुसराच कोणी लिहीत असेल, ही शंका आम्हालाही आली होती. म्हणून सगळ्या कविता एका प्राध्यापकांना दाखवल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं. अगदी पहिल्या कवितेपासून गेल्या शुक्रवारच्या कवितेपर्यंत लिहिणारा हात एकच. ही गेल्या शुक्रवारचीच ऐका."

त्यांनी चष्मा लावला आणि नोटीस वाचावी तशी वाचली:

"दवाखान्यात दिवा येतो, दिवा जातो.
कांडी संपावी तशी माणसं संपतात.
नवी भरून ठेवणारं
इथं कोणी बसलेलं नाही."

"आता तुम्हीच सांगा, काका. कोष्ट्याच्या पोराशिवाय कोणाला सुचेल हे?"

शालिकरामच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं. "कांड्या बायका भरतात, साहेब. आमच्यात पोट्टे चरख्यापाशी बसत नाहीत. रविंद्रनं तं हातमागालेबी कधी हात नाही लावला." मग त्यानंच तोड काढली. "मायजवळ बसून पाहिलं असन. माझी बायको जनाबाई कांड्या भरे ना. ध्यानात ठेवलं पोट्ट्यानं."

भारतीनं मान वर केली.

"साहेब, एकच हात हाय, हे लिहून द्याल?"

"म्हणजे?"

"पहिलीपासून गेल्या शुक्रवारच्यापर्यंत सगळ्या कविता एकाच माणसानं लिहिल्या, तुमच्या ऑफिसनं ते तपासलं, असं लिहून द्या. शिक्का मारून. मग आम्ही नाही येत पुन्हा."

साहेबांना हायसं वाटलं. त्यांनी लगेच कागद टाईप करवून घेतला, सही केली, शिक्का मारला. अकरा खेपांत त्या ऑफिसातून एवढ्या लवकर निघालेला तो पहिलाच कागद.

शालिकरामला काही उमगेना. पोरगी थकली, हरली, असं त्याला वाटलं. "हे काय वं पोरी? कागद घेऊन काय करशीन?"

भारतीनं कागद दोनदा वाचला. घडी घातली नाही.

"मामाजी, तुम्ही बाहेर बसता का जराशे?"

"काहून?"

"बसा ना."

तो उठला नाही. गुडघे दुखत होते, आणि चहा यायचा होता.

तिनं कागद साहेबांच्या पुढ्यात सरकवला, शिक्का त्यांना दिसेल असा.

"येत्या शुक्रवारची कविता मी अजून लिहिली नाही, साहेब. आता सांगा, माझा माणूस कुठी हाय?"