पिवळी पट्टी

“आधी आला तो आधी, असं इथे नसतं,” काउंटरवरची सिस्टर म्हणाली. “ज्याला जास्त गरज, तो आधी.”

“म्हणजे आमच्या बाबांना गरज नाही?”

सिस्टर पुढच्या माणसाकडे वळली. काउंटरला आणखी काही जण हात टेकून उभे होते आणि प्रत्येकाचाच माणूस मरणाच्या दारात होता.

लेक तणतणत खुर्च्यांकडे परतली. बाबा मनगटावरची पिवळी पट्टी फिरवून फिरवून बघत होते. लाल पट्टीवाल्यांना थेट आत नेत होते. हिरव्यांना बसून राहायचं हे ठाऊक होतं. पिवळ्यांचं धड ना इकडे, धड ना तिकडे. बाबांच्या शेजारी आई, मांडीवर कापडी पिशवी घेऊन.

“काय म्हणाल्या?” आईनं विचारलं.

“थांबा म्हणाल्या. दुसरं येतंय काय त्यांना?”

“साहेबांचं इथे काही चालत नाही वाटतं,” बाबा म्हणाले. लेकीच्या हाताखाली माणसं आली, तेव्हापासून ते तिला साहेबच म्हणत. “चला घरी. मला काही धाड भरलेली नाही.”

“बाबा, तुम्ही बोलूच नका.”

बाबांच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मुरगळलेला पाय भोपळ्यासारखा सुजला, तरी चप्पलच लहान झाली म्हणणारा हा माणूस. डॉक्टरची पायरी चढायची म्हटलं की त्यांची सगळी दुखणी पळून जात.

दुपारी ती मीटिंगमध्ये असताना आईचा फोन आला होता. आईचे फोन काय, रोजचेच. नळ गळतोय, पाठ धरलीय, शेजारच्यांनी गाडी दारात लावली, जळजळतंय. लेक ‘संध्याकाळी बोलू’ म्हणून ठेवून देई. आज आई एवढंच म्हणाली, “यांच्या छातीत भरून आलंय. गाडी घेऊन ये.” लेक बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून उठली. घरी पोचली तर बाबा पेपर वाचत होते. तिनं त्यांना पेपरसकट गाडीत बसवलं.

इथे आल्या आल्या बीपी झालं, बोटाला चिमटा लावून झाला, छातीला वायरी चिकटवून ईसीजी काढला. सिस्टरनं विचारलं, “कधीपासून होतंय?” बाबा म्हणाले, “मला काय माहीत? हिला विचारा.” मग आईनंच सांगितलं. आंघोळ झाल्यावर सुरू झालं. आधी पाठीत कळ, मग डावा हात जड, आता जबड्यातही ठणकतंय. बाबांना स्वतःच्या शर्टाचं माप माहीत नसे, तेही आईच सांगायची. सिस्टरनं भराभर लिहून घेतलं. ईसीजी ठीक होता, म्हणून पट्टी पिवळी.

“अगं, मी काय म्हणते,” आई म्हणाली.

“एक मिनिट, आई.”

मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण आला. तो फोनवर मित्राशी हसत होता. हसता हसता गप्प झाला, मान कलली, आणि दोघा वॉर्डबॉयनी त्याला स्ट्रेचरवर घालून पळत आत नेलं.

“बघितलंत? आत्ता आला आणि गेलासुद्धा आत.”

“जाऊ दे गं,” बाबा म्हणाले. “त्याला माझा नंबर दिला समज.”

“पंख्याखाली बसू या का आपण?” आईनं विचारलं.

“नको, बाबांना वारा सोसायचा नाही.”

आई पदरानं तोंड पुसत राहिली. समोरची एक बाई पोराला थोपटत होती. कोपऱ्यातला म्हातारा कुणीतरी यावं म्हणून दर थोड्या वेळानं खोकत होता. आतलं दार उघडलं की सगळ्या माना वर होत, मिटलं की खाली.

“मी काय म्हणते,” आई पुन्हा म्हणाली, “त्या सिस्टरला जरा इकडे बोलाव ना.”

“तेच करतेय मघापासून. तू नुसती बसून आहेस, आई. मी एकटी भांडतेय.”

आणि ती खरंच भांडायला गेली. या वेळी आवाज सगळ्या खोलीनं ऐकला. “छातीत दुखणारा माणूस तुम्ही खुर्चीवर बसवून ठेवलाय. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

सिस्टर उठली, ईसीजीचं मशीन ढकलत बाहेर आली. “पुन्हा काढते. मग तरी पटेल?”

पडदा ओढून पुन्हा वायरी चिकटल्या. पुन्हा तेच आलं. ठीक.

“बाबा लपवतायत, सिस्टर. तुम्ही ओळखत नाही यांना.”

सिस्टर बाबांसमोर उकिडवी बसली. “बाबा, लेकीकडे बघू नका, माझ्याकडे बघा. हात जड वाटतोय?”

“नाही.”

“जबडा? पाठ?”

“नाही हो. भूक लागलीय. मी घरापासून हेच सांगतोय, पण साहेब ऐकतील तर ना.”

“घाम आला होता?”

“नाही.”

सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. “मग मघाशी एवढं सगळं बारकाईनं सांगितलं, ते कशावरून?”

“आई, सांग ना,” लेक वैतागून म्हणाली. “तूच बघितलंस ना त्यांना?”

आईनं मांडीवरची पिशवी एका हातानं खाली ठेवली. दुसरा हात तसाच पडून राहिला.

“मी खोटं बोलले हो, सिस्टर,” ती म्हणाली. “ते सगळं मला होतंय. माझं म्हणून सांगितलं असतं, तर ही ऑफिस सुटल्यावर आली असती.”