करंजांची कमान

मी सोनाळ्याला पोचले तेव्हा आबांना शेवटची आंघोळ घालून झाली होती. फाटकाच्या जागी झाडांची भिंत होती. फांद्या एकमेकींत रुतून एकजीव झालेल्या.

"मागच्या दारानं ये, बाई," काका म्हणाले. "इकडून तुले वाट नाई राह्यली."

मला कमानीखालून सासरी पाठवायचं म्हणून, मी शाळेत असताना आबांनी फाटकाच्या दोन बाजूंना दोन करंज लावले होते. कोवळ्या फांद्या वाकवून, सुतळीने बांधून त्यांची कमान केली होती. पुढे मी कोर्टात लग्न केलं. त्या वर्षापासून ते तीच कमान फांद्या विणून बुजवत होते.

आई आबांच्या उशाशी बसली होती.

"मरेपर्यंत राग सोडला नाही त्यांनी," मी म्हणाले.

"रागच असता तं गवंडी बलावला असता. एका दिवसात भिंत झाली असती," ती म्हणाली. "हे आठ वर्सं विनत बसले. मधात एका मानसापुरती फट ठेवली होती. तिथं फांदी आली का कापून टाकत."

"गेल्या महिन्यात मी आले होते, आई. गाडीची काच खाली करून पाहिलं. सगळं बंद वाटलं. उतरलेच नाही."

"माईत हाये. ओसरीतच बसले होते ते. तुयी गाडी वळली, तसे उठले अन् मले सुतळी मांगतली."