सहावा मेल

“अजून चौकोनच?” अप्पांनी फोनवर विचारलं.

“चौकोनच, अप्पा. ओळीच्या ओळी. आमच्या ऑफिसातलं मेलचं सॉफ्टवेअर जुनं आहे ना, त्याला आपली अक्षरं झेपत नाहीत.”

“बरं बरं. मी मास्तरांना परत विचारतो. तू लाग कामाला.”

फोन ठेवताना त्याने हळूच आजूबाजूला पाहिलं. ऑफिसात त्याला सगळे ‘फॉन्टवाला’ म्हणत. कुणाच्या मेलमध्ये अक्षरांऐवजी चौकोन उमटले, काना एकीकडे नि वेलांटी भलतीकडे गेली, की हाक त्यालाच. दहा मिनिटांत दुरुस्त करून द्यायचा. आणि अप्पांचा मेल? तो तर पहिल्या दिवसापासून त्याच्या पडद्यावर लख्ख दिसत होता. शब्द न् शब्द!

अप्पा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आई गेल्यापासून एकटेच राहायचे. दोन महिन्यांपूर्वी गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरांशेजारी बसून, एकेक अक्षर हुडकत, त्यांनी आयुष्यातला पहिला मेल लिहिला होता. ‘आता हात कापतो. कामं सोडली. रिकाम्या घरात करमत नाही. तुझ्याकडे राहायला येऊ का? फोनवर विचारलं तर तुला नाही म्हणणं जड जाईल, म्हणून लिहितोय. मोकळेपणाने कळव.’

मोकळेपणाने म्हणे! याचं घर दोन खोल्यांचं. अप्पांचं पहाटेचं खाकरणं, मोठ्याने लावलेला रेडिओ, जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून गप्पा मारायची खोड. बायको काय म्हणेल? हो म्हणवेना, आणि नाही म्हणायला जीभ उचलेना. तेवढ्यात अप्पांचाच फोन आला, ‘पोचला का रे मेल?’ आणि रोज दहा जणांकडून ऐकलेली तक्रार याच्या तोंडून आपसूक निघून गेली. चौकोन दिसतात. वेळ मारून नेली, झालं.

पण अप्पा कसले गप्प बसतात! त्यांनी मास्तरांच्या मागे लकडा लावला. मास्तरांनी फॉन्ट बदलला, मेल पुन्हा आला. युनिकोडचं कसलं तरी सेटिंग केलं, पुन्हा आला. पाच वेळा तोच मजकूर, आणि पाच वेळा या पठ्ठ्याचं तेच उत्तर. “माझं अक्षर लागत नाही, असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालं नव्हतं रे,” अप्पा एकदा हसत म्हणाले. त्या दिवशी त्याने डबा न उघडताच घरी परत नेला.

रविवारी बायकोनेच विषय काढला.

“हल्ली अप्पांचा फोन आला की गॅलरीत का पळतोस?”

चोराच्या मनात चांदणं. आधी त्याने आढेवेढे घेतले, मग सगळं भडाभडा ओकून टाकलं. ती ऐकत राहिली.

“म्हणजे माझ्यामुळे?”

“तसं नाही गं. मला वाटलं, तुला अडचण होईल...”

“मला विचारलंस कधी? पुढच्या खोलीत एक पलंग टाकला की झालं. माणूस येणार आहे की कपाट, जागा मोजत बसलास ते!”

त्याला मान वर करवेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बापाला दोन महिने टोलवलं, आणि तेही बायकोच्या नसलेल्या नकाराच्या आड लपून!

“उद्याच्या उद्या सांग त्यांना, या म्हणून,” ती म्हणाली. “आणि जे आहे ते खरं सांग.”

या म्हणून सांगायला तो एका पायावर तयार होता. खरं सांगायचं मात्र जिवावर आलं. कोणत्या तोंडाने सांगायचं? रात्रभर कूस बदलत त्याने तोडगा काढला. अप्पांना म्हणायचं, सॉफ्टवेअर दुरुस्त झालं, आज पहिल्यांदा मेल वाचता आला, ताबडतोब निघा. अप्पा खूश, आपली लाज झाकलेली. कुणाचं काय बिघडतं?

सकाळी ऑफिसात येऊन कॉम्प्युटर लावला, तर सगळ्यात वर अप्पांचा सहावा मेल. उघडणार एवढ्यात फोन वाजला.

“पोचला का रे?” अप्पांचा आवाज आज भलताच उत्साही होता. “या वेळी तरी दिसतंय ना?”

दिसतंय, असं तो म्हणणारच होता. पण घड्याळात जेमतेम साडेनऊ. एवढ्यात दुरुस्ती झाली कधी? संशय नको. दुपारी फोन करू, म्हणजे खरं वाटेल.

“पोचला, अप्पा. पण तेच हो. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.”



“उघडून बघितलास?”

“आत्ताच बघितला. एक अक्षर लागत नाही.”

“अच्छा.” अप्पा जरासे खोकले. “बरं, राहू दे मग.”

“राहू दे काय, अप्पा! आज मी स्वतः बसतो त्याच्यावर. दुपारपर्यंत वाचून फोन करतो बघा.”

“नको रे. उगाच कशाला डोळे फोडतोस? तसं काही महत्त्वाचं नव्हतं. मास्तरांनाही फार त्रास दिला मी.” आवाज अगदी मायेचा होता. “जेवणखाण वेळेवर करत जा. सूनबाईला आशीर्वाद सांग.”

फोन बंद झाला. त्याला वाईट वाटलं, पण दुपारी अप्पांचा जीव कसा सुपाएवढा होईल, या विचाराने हसूही आलं. पलंग कुठला घ्यायचा, खिडकीशी टाकायचा की भिंतीशी, असा हिशेब मनात मांडत त्याने मेल उघडला.

आत टाइप केलेलं एकही अक्षर नव्हतं. होता फक्त एक फोटो. भिंतीला टेकवून ठेवलेली पत्र्याची पाटी, आणि तिच्यावर अप्पांनी कापऱ्या हाताने, ब्रशने, वीतभर अक्षरांत रंगवलं होतं, ‘तुझ्याकडे राहायला येऊ का?’