बसऱ्याची पंगत

दिघीच्या गोदूचा नवरा येसाजी लढाईवर बसऱ्याला गेला आणि परत आला तो फोटोतून. फोटोत आठ शिपाई ओळीने मांडी घालून बसले होते, येसाजी टोकाला; आठातला एकही परतला नाही. जिवंतपणी तो गोदू शेजारी बसल्याशिवाय घास तोंडात घालत नसे. आता दर सर्वपित्रीला ती अंगणात फोटो मांडून त्याच्यासमोर त्याच्या आवडीच्या बोंबलांचं पान वाढी. कावळा शिवला की वर्षभर निर्धास्त.

यंदा दुपार कलली तरी कावळे कौलांवरून हलेनात. गोदू पानाभोवती येरझाऱ्या घालू लागली.

"काय कमी पडलं गं यांना?"

नणंद रंगूने फोटो निरखला. "वैनी, आठ जण पंगतीला बसलेत, नि तू वाढलंस एकट्या दादाला! त्याला घास उतरंल व्हय?"

खरंच, इतकी वर्षं समोर बघणारे ते सात शिपाई आता मान वळवून येसाजीच्या तोंडाकडे बघत होते.

गोदू पक्की चिकट. परक्यांना बोंबील घालायचं तिच्या अगदी जिवावर आलं. "मेल्यांनो, मेल्यावरबी फुकटच खा!" म्हणत तिने आणखी सात पानं वाढली.

कावळे तुटून पडले. सात पानं चाटूनपुसून साफ झाली. फोटोत एकाने तर पट्टा सैल केला होता.

येसाजीचं पान मात्र तसंच.

"आता आनि काय हवं यांना?" गोदू रडकुंडीला आली.

रंगूची नजर फोटोवरून हलेना.

"वैनी, सगळे सरकून बसलेत. दादाच्या शेजारी एक जागा मोकळी केलीय."