वरचा कप्पा

"बाबा, पिवळी राहू द्या. हिरवी आणा."

फोनवर हर्षा एवढंच बोलली. गोपाळरावांच्या हातात पिवळी सुती साडी होती. त्या दिवशी त्यांच्या बायकोला, प्रेमिलाला, दवाखान्यातून सुट्टी होणार होती. घरी येताना हीच नेसायची, असं तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. साडी आणायलाच ते नागपूरहून खापरखेड्याला घरी आले होते. हिरवी साडी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला नेसवतात. लेकीला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी पिवळी परत कपाटात ठेवली आणि हिरवी काढली.

तेरा दिवस ते एका धोतरावर आणि बंडीवर राहिले. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी त्यांची मोठी बहीण प्रयागबाई म्हणाली, "गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाई गा. आजच बांधून दे." हर्षाचा कपाटाला हात लागेना. मग गोपाळरावच आतल्या खोलीत गेले. लोखंडी कपाट दोघांचं एकच होतं. वरचा कप्पा त्यांचा, खालचा तिचा. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं त्यांच्या हातात होतं. वीटभट्टीवरची एक बाई दारात थांबली होती. तिच्या डोक्यावर ते त्यांनी स्वतः ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाई दूध घेऊन आली ती बोलतच.

"काहून गा गोपाळ, तुया निळा शर्ट भट्टीवर फिरून राहिला. आत माणूस दुसराच."

तिने कपाट उघडलं. वरचा कप्पा रिकामा होता. एक रुमालसुद्धा नव्हता. खालच्या कप्प्यात साड्यांच्या घड्या होत्या तशाच होत्या.

"चाळीस वर्षं संसार केला अन् बायकोचा कप्पा कोणता ते नाई समजलं तुले?"

हर्षाला आधी हसू आलं, मग रडू आलं. शेजारचे म्हणाले, दुःखात माणसाला सुधरत नाही. प्रयागबाई गाठोडं परत आणायला निघाली, तेव्हा गोपाळराव म्हणाले, "दिलेलं परत मागू नाई."

"मग हे तरी आज बांध," ती साड्यांकडे बोट करून म्हणाली.

"आत्या, आधी बाबाले अंगावर घालायले काही आणू," हर्षा म्हणाली. "आईचं मग पाहू."

जावयाची पँट खालून दुमडून गोपाळराव नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात गेले. हर्षाने मोबाइलवर यादी करून आणली होती. दुकानदाराने ती वाचली आणि मान हलवली.

"बरोबर आहे, ताई. एकमेकांवर चालतील असेच घ्या. काळी पँट, खाकी पँट. पांढरा, आकाशी अन् राखाडी शर्ट. दोन पँट, तीन शर्ट, सहा जोड्या झाल्या. एक स्वेटर. एक पांढरा कुर्ता-पायजमा. तो लग्नालेही चालते अन् मयतीलेही. काका, साइज सांगा."

गोपाळरावांनी हर्षाकडे पाहिलं. हर्षाने त्यांच्याकडे पाहिलं. आजवर प्रेमिला आणायची आणि ते घालायचे. दुकानदाराने गळ्यातला टेप काढला आणि त्यांची छाती मोजली, कंबर मोजली. ते हात वर करून उभे राहिले.

"राखाडी नसन आवडत तर दुसरा रंग दाखवू?"

"कोणताही द्या."

"एवढं सोपं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहून राहिलो, काका. घरी काकू नाई बोलणार का?"

हर्षा दुसरीकडे पाहू लागली.

"नाई बोलणार," गोपाळराव म्हणाले.

बाहेर फुटपाथवर एक बाई सेफ्टी पिना, नाडे आणि डांबराच्या गोळ्या विकत बसली होती. गोपाळरावांनी गोळ्यांची दोन पाकिटं घेतली. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून घेतलेली तेवढीच वस्तू.

"नव्या कपड्यांले गोळ्या काहून, बाबा?"

"लागतात."

घरी आल्यावर हर्षाने कपड्यांच्या चिठ्ठ्या कापल्या आणि सगळं वरच्या कप्प्यात लावलं. अर्धा कप्पाही भरला नाही. गावातल्या पॉवर हाउसच्या कोळशाची राख दोरीवरच्या कपड्यांवर बसते. आई झटकल्याशिवाय घडी घालत नव्हती, तुम्हीही झटकत जा, असं तिने त्यांना सांगितलं. स्वेटर कुठे आहे ते दाखवलं. बनियन कुठे आहेत ते दाखवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मी परवा पुण्याले जाईन. उद्या आईचं गाठोडं बांधून ठेवा. आत्या नेऊन देईल. अन् बाबा, या वेळी नीट पाहा. वरचा कप्पा तुमचा, खालचा आईचा."

गोपाळराव पलंगावर बसून पाकीट फोडत होते.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "त्या दिवशीही माहीत होतं."

हर्षाचा हात कपाटाच्या दारावरच थांबला. गोपाळराव उठले, खाली वाकले आणि साड्यांच्या घड्यांमध्ये एकेक गोळी ठेवू लागले. सगळ्यात वर पिवळी होती. तिच्यात त्यांनी दोन ठेवल्या.

हर्षाला पुण्याला जाऊन आता तीन महिने झाले. प्रेमिलाचे कपडे अजून द्यायचे आहेत.