तलावांचा बाप

टेकडी तशी बुटकीच, पण ज्ञानोबा घडीघडी थांबत होता. दम लागला म्हणून नव्हे. माडांच्या शेंड्यांतून निळं काही डोकावलं की त्याचे पायच हलेनात.

"अण्णा, चला की. वर गेल्यावर सगळंच दिसंल," शिवांजली हसत म्हणाली.

बाप-लेक बेंबळीहून कोकणातल्या या आडगावी स्थळ बघायला आले होते. प्रेम तिच्याबरोबर पुण्यात नोकरीला होता. लग्नानंतर दोघं इथंच राहून आंब्याची बाग बघणार होते. मुलगा लाखात एक. घोडं अडलं होतं ते ज्ञानोबापाशी. बायकोचा उभा जन्म डोक्यावर पाणी वाहण्यात गेला. पोरीवर ती वेळ येऊ देणार नाही, असं त्यानं धुरपदाबाईला वचन दिलं होतं. तिथली बोअर आटली म्हणून येरमाळ्याचं चांगलं स्थळ त्यानं मोडलं होतं.

इथं तर दारात पाऊल टाकताच पाण्याच्या तांब्याऐवजी शहाळी पुढं आली होती. ज्ञानोबा भारावूनच गेला होता.

"पाऊस कसा हाय तुमच्याकडं?" त्यानं चढता चढता विचारलं.

"जूनपासून चार महिने उसंत नाही," प्रेमची आई उमादेवी म्हणाली.

"काका, एक सांगायचं होतं," प्रेम पुटपुटला.

"उतरताना सांग," आई म्हणाली.

माथा आला, झाडी संपली आणि समोर नुसतं पाणी. ज्ञानोबानं चपला काढून हात जोडले. ढगांकडं बघत जन्म काढलेल्या माणसाचे डोळे भरून आले.

"शिवा, ह्याला पल्याडचा काठच न्हाय की गं!"

समुद्र खारा असतो हे त्याला ठाऊक होतं. तेवढा काही तो अडाणी नव्हता. पण तलावाकाठच्या विहिरी उन्हाळ्यातही आटत नाहीत, हेही त्याला बापापासून ठाऊक होतं. आणि हा तर सगळ्या तलावांचा बाप.

"ताई, सुपारी हितंच फोडू," तो म्हणाला. "आता इचार कशाचा?"

माथ्यावरच्या छोट्या देवळापुढं सुपारी फुटली. शब्द गेला. ज्ञानोबानं लगेच बायकोला फोन लावला. "धुरपदा, पोरगी सुखात पडली बघ. लई पाणी हाय हितं, लई!"

शिवांजली सासूच्या पाया पडली. उमादेवीनं तिला उठवून मायेनं जवळ घेतलं. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर मोठा हॉर्न वाजला.

"चल गो सूनबाई," पदर खोचत उमादेवी म्हणाली, "टँकर आला. रांग लागायच्या आत हंडे लावू."